यंत्र जिंकलं, त्यानंतरचा पट

३० ऑगस्ट २०२०. करोनामुळे स्पर्धागृहांना कुलपं लागली होती, म्हणून जागतिक बुद्धिबळ महासंघानं म्हणजे फिडेनं ऑलिंपियाड ऑनलाइन भरवलं होतं. अंतिम फेरीत भारत आणि रशिया समोरासमोर. पहिली लढत ३-३ अशी बरोबरीत सुटली. दुसरी ऐन रंगात असताना जागतिक पातळीवरच्या एका इंटरनेट बिघाडामुळे निहाल सरीन आणि चौदा वर्षांची दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला. चाल करता येईना, घड्याळ मात्र चालत राहिलं, आणि वेळ संपल्यामुळे दोघांचेही डाव गेले. भारतीय संघानं दाद मागितली आणि फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही देशांना सुवर्णपदक जाहीर केलं. संघाचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी होता.

सुमारे दीड हजार वर्षं हा खेळ पट, सोंगट्या आणि समोर बसलेला माणूस एवढ्यावर चालत आला. आता त्याचा निकाल दूरवरच्या सर्व्हरवरही ठरू शकत होता. तंत्रज्ञानाशी इतकं जवळचं आणि इतकं जुनं नातं दुसऱ्या क्वचितच एखाद्या खेळाचं असेल. माणसापेक्षा यंत्र सरस ठरलं तर खेळाचं काय होतं, हा प्रश्न आज चित्रकार, अनुवादक, वकील सगळ्यांना पडलेला आहे. बुद्धिबळपटूंना तो जवळजवळ तीस वर्षांपूर्वी पडला. त्यामुळे त्यांच्याकडे नुसती भाकितं नाहीत, गाठीशी अनुभव आहे.

यंत्राआधीचं जग कसं होतं, इथून सुरुवात करायला हवी. त्या जगात माहितीचाच दुष्काळ होता. विश्वनाथन आनंद चेन्नईत घडला तो तिथल्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रातल्या मिखाईल ताल क्लबमध्ये. तिथे पुस्तकं होती आणि खेळायला माणसं होती, हीच त्या काळातली मोठी श्रीमंती. बेलग्रेडहून १९६६ पासून निघणाऱ्या ‘इन्फॉर्मेटर’च्या जाडजूड खंडांत जगभरचे निवडक डाव छापून येत, पण ते हाती पडेपर्यंत महिने उलटलेले असत. महाराष्ट्रात सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळासारख्या संस्थांनी आणि भाऊसाहेब पडसलगीकरांसारख्या माणसांनी वर्षानुवर्षं स्पर्धा भरवून खेळ जागता ठेवला. चांगला प्रतिस्पर्धी आपल्या गावात नसेल तर गाडी पकडून त्याच्या गावाला जायचं, हाच अभ्यासाचा मार्ग होता.

तेव्हा डाव तहकूब होत. ठरलेल्या वेळेत डाव संपला नाही, तर एक खेळाडू आपली पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करी आणि पाकीट पंचांकडे जाई. मग रात्रभर दोन्ही गोटांत दिवे जळत. मदतनीस सोंगट्या मांडून एकेक शक्यता तपासत आणि सकाळी पाकीट फुटलं की डाव पुढे सरके. १९७२ मध्ये रेक्याविकला बोरिस स्पास्कीनं बॉबी फिशरविरुद्धच्या एकविसाव्या डावात अशीच चाल बंद केली आणि दुसऱ्या दिवशी फोनवरून हार कळवली. जगज्जेतेपद त्या फोनवर गेलं. पुढे प्रत्येकाच्या खोलीत बलवान संगणक आला तेव्हा ही प्रथा टिकणं शक्यच नव्हतं. १९९० च्या दशकात ती बंद पडली. यंत्रानं खेळातून काढून घेतलेली ही पहिली गोष्ट म्हणता येईल. त्या रात्रींमध्ये जो सामूहिक विचार चाले, त्याची जागा नंतर कशानंही घेतलेली नाही.

यंत्राची वाटचाल मात्र संथ होती. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये संगणकाला बुद्धिबळ कसं शिकवता येईल यावर निबंध लिहिला. संभाव्य डावांची संख्या एकावर १२० शून्यं इतकी भरते, असा अंदाज त्यांनी त्यात मांडला होता. सगळं मोजून काढणं अशक्य, तेव्हा काय मोजायचं आणि काय सोडायचं हे यंत्राला शिकवावं लागणार होतं. त्यानंतर ४७ वर्षं गेली. आयबीएमच्या डीप ब्लूनं फेब्रुवारी १९९६ मध्ये फिलाडेल्फियात तेव्हाच्या जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हविरुद्ध पहिला डाव जिंकून खळबळ उडवली, पण सामना कास्पारोव्हनंच ४-२ असा घेतला. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला सुधारलेलं यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत होतं. त्यानं साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी सामना जिंकला. शेवटचा डाव अवघ्या १९ चालींत आटोपला.

त्या सामन्यातला दुसरा डाव मात्र जास्त बोलका आहे. कास्पारोव्हनं त्यात हार मानली, आणि नंतर विश्लेषकांना दिसलं की ज्या स्थितीत त्यानं डाव सोडला तिथून सतत शह देत बरोबरीकडे जाण्याची वाट होती. सर्वोत्तम खेळाडूला ती दिसली नाही, कारण यंत्र अशी वाट उघडी ठेवणारच नाही असं त्यानं मनोमन धरलं होतं. यंत्राच्या शब्दावर माणूस स्वतःचा विचार थांबवतो, हा या सगळ्या कहाणीतला सर्वांत मोठा धोका आहे. तो पहिल्याच मोठ्या सामन्यात उघडा पडला होता.

यानंतरचं थोडक्यात. डिसेंबर २००६ मध्ये बॉन इथे तेव्हाचा जगज्जेता व्लादिमीर क्रामनिक डीप फ्रिट्झ या संगणकप्रणालीकडून ४-२ असा हरला आणि एका डावात तर एका चालीतली मात त्याच्या नजरेतून सुटली. माणूस विरुद्ध यंत्र या सामन्यांतली उत्सुकता तिथेच संपली. स्टॉकफिश हे मुक्त इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारी संगणकप्रणाली, २००८ मध्ये आलं. आज ते कुठल्याही साध्या फोनवर फुकट चालतं. मॅग्नस कार्लसननं गाठलेलं सर्वोच्च मानांकन २८८२. इंजिनं ३५०० च्या वर आहेत.

खरी कलाटणी डिसेंबर २०१७ मध्ये आली. डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या संस्थेचे डेमिस हासाबिस स्वतः लहानपणी नावाजलेले बुद्धिबळपटू होते. त्यांच्या चमूनं अल्फाझीरो या प्रणालीला फक्त नियम सांगितले. माणसांचा एकही डाव दाखवला नाही. स्वतःशीच खेळत ते शिकलं, चार तासांत स्टॉकफिशच्या पुढे गेलं आणि १०० डावांच्या सामन्यात २८ जिंकून, ७२ बरोबरीत सोडवून, एकही न हरता बाहेर पडलं. सामन्याच्या अटी स्टॉकफिशवर अन्याय करणाऱ्या होत्या, अशी टीका झाली. वर्षभरानं ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या हजार डावांच्या निकालात अल्फाझीरो १५५ डाव जिंकलं होतं आणि सहा हरलं होतं. तो वाद तिथे बराचसा मिटला.

पण गुणफलकापेक्षा त्याची शैली खेळाडूंच्या मनात भरली. जुनी इंजिनं हावरी होती, प्यादं मिळालं की गिळायची. अल्फाझीरो प्यादी उधळून टाकी आणि त्या बदल्यात समोरच्याच्या सोंगट्या दहा-पंधरा चाली कोंडून ठेवी. राजाच्या बाजूचं कडेचं प्यादं भराभर पुढे नेऊन ते समोरच्या किल्लेकोटाला भेग पाडायचं. ही चाल जुन्या प्रशिक्षकांनी विद्यार्थ्याला रागावून परत घ्यायला लावली असती. दोन-तीन वर्षांत अव्वल खेळाडूंच्या डावांत ती सर्रास दिसू लागली. म्हणजे यंत्रामुळे खेळ कोरडा होईल, ही भीती निदान इथे खोटी ठरली. हासाबिस यांच्या संस्थेनं यंत्रशिक्षणाचं बळ पुढे प्रथिनांच्या रचनेकडे वळवलं आणि त्यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

पटाच्या दुसऱ्या टोकाला तर यंत्रानं शेवटचा शब्दच लिहून ठेवला आहे. पटावर दोन राजे धरून सात किंवा त्याहून कमी सोंगट्या उरल्या, तर त्या प्रत्येक स्थितीचा अचूक निकाल आज कोष्टकात तयार आहे. २०१२ मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या महासंगणकावर सात सोंगट्यांची कोष्टकं पूर्ण झाली. त्यांत अशी एक स्थिती निघाली की मात अटळ, पण दोन्ही बाजूंनी बिनचूक खेळूनही तिला ५४९ चाली लागतात. त्या चालींकडे पाहून कुणाला काहीही उमजत नाही. घोडा इकडे जातो, राजा तिकडे सरकतो, शेकडो चाली काहीच घडत नाही आणि मग एकदम सगळं संपतं. बरोबर उत्तर हाती असणं आणि ते समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगायला याहून चांगला दाखला शोधून सापडणार नाही.

तयारीवर याचा भार पडला तो फार मोठा. आज अव्वल खेळाडूंच्या पहिल्या पंधरा-वीस चाली अनेकदा घरीच, इंजिनाच्या साहाय्यानं, पाठ झालेल्या असतात. २०१८ मध्ये लंडनला कार्लसन आणि फाबियानो कारुआना यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतले बाराच्या बारा डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांवर गेला. त्याच सामन्यातल्या सहाव्या डावात नॉर्वेतल्या एका महासंगणकाला कारुआनासाठी उंटाची एक अजब चाल दिसली. तिच्यापासून तीसहून अधिक चालींवर मात होती. कारुआनाला ती दिसली नाही. ती तो खेळला असता तर लगेच धातुशोधक यंत्रं मागवली गेली असती, अशा आशयाचं कास्पारोव्हनं तेव्हा लिहिलं. माणसानं फार चांगलं खेळणंच संशयास्पद ठरावं, अशी ही वेळ.

पाठांतराला उतारा म्हणून फिशरनं १९९६ मध्ये एक प्रकार सुचवला होता. मागच्या रांगेतल्या सोंगट्यांची मांडणी चिठ्ठी टाकून ठरवायची. अशा मांडण्या ९६० होतात, त्यामुळे घोकंपट्टी निरुपयोगी ठरते. गेल्या दोन-तीन वर्षांत ‘फ्रीस्टाइल’ या नावानं त्याच्या श्रीमंत स्पर्धा सुरू झाल्या आणि जगज्जेतेपद राखण्यासाठी पारंपरिक सामना खेळण्यात रस उरला नाही असं २०२२ मध्ये सांगणारा कार्लसन त्यांत पुढाकार घेताना दिसतो. मूळ मांडणीची ओढ मात्र संपलेली नाही. नोव्हेंबर-डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीत गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन त्याच जुन्या मांडणीवर १४ डाव झुंजले, आणि त्या डावांत पुस्तकाबाहेरचे संघर्ष भरपूर होते.

गुकेशची गोष्ट या प्रश्नाच्या केंद्राशी आहे. अठराव्या वर्षी जगज्जेता झालेला हा चेन्नईचा मुलगा इंजिनाच्या पिढीतला. पण त्याचे सुरुवातीचे प्रशिक्षक विष्णु प्रसन्ना यांनी त्याला बराच काळ इंजिनापासून जाणीवपूर्वक दूर ठेवलं होतं. ग्रँडमास्टर होईपर्यंत त्यानं डावांचा कस स्वतःच्या डोक्यानंच लावला. भोवतीची मुलं एका बटणावर उत्तर पाहत असताना हा तासन्‌तास पटासमोर बसून चुका करत होता. सगळ्यांनीच असं करावं, असा नियम यातून काढता येत नाही. इंजिनावर वाढलेलेही कितीतरी उत्तम खेळाडू आहेत. पण मुलाला दहाव्या वर्षी महागडा लॅपटॉप दिला की प्रशिक्षण झालं, असं मानणाऱ्या पालकांनी या उदाहरणाशी जरा थांबावं. उत्तर फुकट झालं आहे. ते शोधताना बुद्धीला जे वळण लागतं, त्याला आजही तेवढीच वर्षं द्यावी लागतात.

भारतात खेळ किती फोफावला याला आकडे साक्ष देतात. आनंद १९८८ मध्ये देशाचा पहिला ग्रँडमास्टर झाला. दुसरा, दिब्येंदू बरुआ, १९९१ मध्ये. मुंबईचे प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये तिसरे आणि पुण्याचे अभिजित कुंटे २००० मध्ये चौथे. म्हणजे एक तप उलटलं तरी चारच. जुलै २०२५ मध्ये हा आकडा ८८ वर पोचला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्ण भारताचं होतं. खुल्या संघात विदित होता, महिला संघाचे कर्णधार कुंटे होते, आणि तिसऱ्या पटावर ११ पैकी साडेनऊ गुण मिळवून वैयक्तिक सुवर्ण घेणारी दिव्या होती.

याचं श्रेय सरसकट तंत्रज्ञानाला देण्याची घाई होते. फोन तर साऱ्या जगाकडे आहेत. तामिळनाडूत शाळा खेळाडूंच्या पाठीशी उभ्या राहिल्या, आर. बी. रमेश यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी आपली स्वतःची कारकीर्द बाजूला ठेवून मुलं घडवली, आणि आनंदनं २०२० मध्ये सुरू झालेल्या अकादमीतून गुकेश, प्रज्ञानंद, वैशाली, निहाल आणि नागपूरचा रौनक साधवानी अशा मुलांना हाताशी धरलं. रौनक तेराव्या वर्षीच ग्रँडमास्टर झाला होता. माहितीचा दुष्काळ यंत्रानं संपवला हे खरं, पण ती पेरायला माणसं लागली.

आणि पैसे. ॲप फुकट आहे, स्पर्धा नाही. ग्रँडमास्टर होण्यासाठी सहसा २५०० मानांकन आणि तीन नॉर्म, म्हणजे स्पर्धेत ग्रँडमास्टरच्या तोडीची कामगिरी, लागतात, आणि नॉर्मसाठी ठरावीक संख्येनं ग्रँडमास्टर आणि परदेशी खेळाडू समोर यावे लागतात. ते नागपूर, सोलापूर किंवा मडगावात बसून रोज भेटत नाहीत. युरोपात जावं लागतं, आणि मूल लहान असेल तर सोबत आई किंवा वडील लागतात. गुकेशच्या वडिलांनी, म्हणजे एका कान-नाक-घसा तज्ज्ञानं, मुलासोबत फिरण्यासाठी आपला दवाखाना बाजूला ठेवला. गोव्याचा लिऑन मेंडोंसा मार्च २०२० मध्ये वडिलांबरोबर युरोपात खेळायला गेला आणि टाळेबंदीत हंगेरीत अडकला. बापलेकांनी परतायची वाट पाहत बसण्याऐवजी तिथेच मिळतील त्या स्पर्धा खेळायचं ठरवलं. वर्ष संपता संपता इटलीत तिसरा नॉर्म मिळाला आणि चौदा वर्षांचा लिऑन देशाचा ६७वा ग्रँडमास्टर झाला. ही कहाणी आनंदाची आहे, पण तिच्या पोटात एक अस्वस्थ करणारा हिशेब आहे. किती घरांना दहा महिने परदेशात राहणं परवडेल?

दिव्या महिला विश्वचषक जिंकून आल्यावर महाराष्ट्र सरकारनं तिला तीन कोटी रुपये दिले. ते योग्यच झालं. पण बक्षीस विजयानंतर येतं आणि खर्च विजयाच्या दहा वर्षं आधी सुरू होतो. जिल्हा पातळीवरच्या मानांकन स्पर्धा, गावात टिकून राहणारा प्रशिक्षक, पहिल्या दोन-तीन परदेशवाऱ्यांसाठी मदत, ही कामं झाली तर त्या रकमेचा काही अंश शंभर मुलांना उपयोगी पडेल. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये खुल्या गटाचा विश्वचषक गोव्यात झाला. २०६ खेळाडू आले, चषकाला आनंदचं नाव दिलं गेलं, आणि उझबेकिस्तानचा एकोणीस वर्षांचा जावोखिर सिंदारोव्ह जिंकला. कोकण-गोव्यातल्या मुलांना जगातले अव्वल खेळाडू हाकेच्या अंतरावर पाहायला मिळाले. असे प्रसंग विरळा असतात, आणि त्यांचं मोल पडद्यावरच्या प्रक्षेपणाला येत नाही.

प्रक्षेपणाचा विषय निघालाच आहे तर लोकप्रियतेकडे वळू. २०२० च्या ऑक्टोबरात ‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही मालिका आली आणि पहिल्या २८ दिवसांत ६ कोटी २० लाख घरांत ती पाहिली गेल्याचं नेटफ्लिक्सनं सांगितलं. त्याआधीच भारतात टाळेबंदीच्या कंटाळ्यात विनोदकार समय रैनानं यूट्यूबवर बुद्धिबळ खेळायला सुरुवात केली होती. विदितसारखे ग्रँडमास्टर त्यात सामील झाले आणि ज्यांना उंट तिरका जातो एवढंच ठाऊक होतं अशी लाखो तरुण मुलं रात्री जागून डाव पाहू लागली. मुंबईच्या सागर शहा आणि अमृता मोकळ यांनी ‘चेसबेस इंडिया’तून स्पर्धागृहातल्या मुलाखती आणि लहान गावांतल्या खेळाडूंच्या गोष्टी घरोघर पोचवल्या. एक गंभीर, चष्मेवाल्या माणसांचा खेळ अशी जी प्रतिमा होती ती गळून पडली.

याच काळात पडद्याच्या कडेला एक काळी-पांढरी पट्टी आली. कोण किती पुढे आहे हे इंजिन त्या पट्टीवर क्षणोक्षणी दाखवतं. तिच्यामुळे नवख्यालाही डावाचा कल कळतो, आणि म्हणूनच प्रेक्षकवर्ग एवढा वाढला. सिंगापूरच्या चौदाव्या डावात डिंगनं ५५व्या चालीला हत्ती चुकीच्या घरात नेला तेव्हा पट्टी एका झटक्यात गुकेशकडे झुकली. जगभरच्या प्रेक्षकांना जगज्जेता बदलल्याचं कळलं, आणि खुद्द गुकेशला अजून ते कळायचं होतं. काही सेकंदांनी त्याचे डोळे विस्फारले, त्यानं स्वतःला सावरलं, पाण्याचा घोट घेतला. ते क्षण ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत.

पण या पट्टीनं प्रेक्षकाची एक सवय बिघडवली आहे. सहा तास झुंजून, घड्याळात मिनिटं उरलेली असताना केलेली चूक त्याला क्षुल्लक वाटू लागते, कारण उत्तर त्याच्यासमोर लिहिलेलं असतं. जगज्जेत्याला मूर्ख ठरवणाऱ्या शेऱ्यांचा पाऊस पडतो. डिंगवर तो पडला, गुकेशवर पडतो. पट्टी झाकून दहा मिनिटं तोच पट पाहिला तर त्या चुकीमागचा थकवा आणि भीती दोन्ही जाणवतील. काही समालोचक मुद्दाम पट्टी लपवतात आणि प्रेक्षकांना आधी विचार करायला लावतात. ही पद्धत वाढायला हवी.

बातम्यांचंही तसंच. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक जलद स्पर्धेत कार्लसन जीन्स घालून आला, त्याला २०० डॉलर दंड झाला आणि तो स्पर्धा सोडून गेला. त्याच स्पर्धेत कोनेरू हम्पी दुसऱ्यांदा महिलांची जागतिक जलद विजेती झाली. आधी २०१९ मध्ये, आणि दोन्ही वेळा आई झाल्यानंतर. चर्चा मात्र जीन्सचीच जास्त झाली. जून २०२५ मध्ये स्टाव्हांगरला गुकेशकडून हरल्यावर कार्लसननं टेबलावर मूठ आपटली ती चित्रफीत घराघरांत पोचली. त्या डावात हरत आलेल्या गुकेशनं चिवट बचाव करून पारडं कसं फिरवलं, हे समजून घेणारे त्या मानानं थोडे होते.

आता या कहाणीतली काळी बाजू. खिशातला फोन जगज्जेत्याला हरवू शकतो, तेव्हा फसवणूक अगदी सोपी होते. २००६ मध्ये दिल्लीतल्या एका स्पर्धेत एका खेळाडूच्या टोपीत शिवलेलं ब्लूटूथ यंत्र सापडलं आणि त्याच्यावर दहा वर्षांची बंदी आली. २०१९ मध्ये फ्रान्समध्ये एक ग्रँडमास्टर स्वच्छतागृहात फोनसह पकडला गेला. २०२१ मध्ये करोनाग्रस्तांसाठी निधी उभारण्याच्या कार्यक्रमात आनंदला हरवणाऱ्या एका उद्योजकानं संगणकाची मदत घेतल्याची दुसऱ्या दिवशी कबुली दिली. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सेंट लुईसला एकोणीस वर्षांच्या हान्स नीमनकडून हरल्यावर कार्लसन स्पर्धेतून बाहेर पडला, तेव्हा तर वादळ उठलं. बाराव्या आणि सोळाव्या वर्षी ऑनलाइन डावांत लबाडी केल्याचं नीमननं मान्य केलं होतं. प्रत्यक्ष पटावर त्यानं फसवल्याचा पुरावा मात्र पुढे आला नाही. प्रकरण कोर्टात गेलं, २०२३ मध्ये तडजोड झाली, आणि सबळ कारणाशिवाय स्पर्धा सोडल्याबद्दल फिडेनं कार्लसनला १० हजार युरोंचा दंड केला.

यातलं मोठं नुकसान फसवणाऱ्यांच्या संख्येत मोजता येत नाही. ते प्रामाणिक खेळाडूंच्या वाट्याला येतं. कालपर्यंत एखाद्या मुलीनं आपल्यापेक्षा ३०० गुणांनी वरच्या खेळाडूला हरवलं की लोक पाठ थोपटत. आता आधी भुवया उंचावतात. दारावर धातुशोधक लागले, थेट प्रक्षेपण काही मिनिटं उशिरानं दाखवलं जाऊ लागलं, घड्याळं-पेनं बाहेर ठेवावी लागतात. हे सगळं गरजेचं आहे. पण संशयाला वजन असायला हवं तर त्याच्यामागे पुरावा हवा, आणि नाव घेऊन आरोप करण्याआधी मोठ्या खेळाडूंनी हे स्वतःला बजावायला हवं.

मुलींना तर संशयाशिवाय आणखीही काही सोसावं लागतं, आणि ते यंत्राच्या आधीपासून. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनी ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या मुली. १९७४ पासून दशकभर महिलांचं राष्ट्रीय विजेतेपद या घरातच राहिलं. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा एवढा गदारोळ झाला की प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि स्त्रियांना अशा स्पर्धांतून रोखता येणार नाही असा निर्णय फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांना द्यावा लागला. त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथून परतलेल्या दिव्यानं जाहीरपणे लिहिलं की प्रेक्षक तिच्या कपड्यांवर, केसांवर, उच्चारांवर बोलतात, आणि डावांकडे पाहत नाहीत. पटावर बसण्याचा हक्क रोहिणीनं मिळवून दिला होता. डाव पाहिला जाण्याचा हक्क अजून भांडून घ्यावा लागतो आहे.

अलीकडची एक घडामोड या आढाव्यातून सुटता कामा नये. लेख, कविता, पत्रं सगळं लिहून देणाऱ्या बोलक्या कृत्रिम बुद्धिमत्तेला बुद्धिबळ मात्र धड जमत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अशा मॉडेलांची आपापसांत एक प्रदर्शनीय स्पर्धा झाली. त्यातलं एक मॉडेल नियमबाह्य चाली करकरूनच हरलं, आणि जी पुढे गेली त्यांनीही फुकट वजीर गमावले. फोनमधलं छोटंसं स्टॉकफिश यांतल्या कुणालाही सहज लोळवेल. पण स्टॉकफिश एक शब्द बोलत नाही. चाल का चांगली हे ते सांगत नाही, फक्त आकडा दाखवतं. आणि बोलणारं यंत्र कारण सांगतं ते पुष्कळदा चुकीचं. चाल अचूक हवी, तिचं कारण खरं हवं आणि समोरच्या मुलाला ते कळेल अशा शब्दांत हवं, या तिन्ही गोष्टी एकत्र आजही फक्त चांगल्या शिक्षकाकडेच मिळतात.

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषकाची अंतिम फेरी जलद डावांवर गेली. पटाच्या एका बाजूला अडतीस वर्षांची हम्पी, दुसऱ्या बाजूला एकोणीस वर्षांची दिव्या. देशातली पहिली महिला ग्रँडमास्टर आणि तोपर्यंत एकही नॉर्म नसलेली नागपूरची मुलगी. पहिला डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्यात दिव्याकडे काळ्या सोंगट्या होत्या, दोघींच्या घड्याळात वेळ उरला नव्हता आणि शेवटच्या टप्प्यात पारडं वरखाली होत होतं. हम्पीनं हार मानली आणि दिव्या एकाच क्षणी विश्वचषक विजेती आणि, या विजयामुळे नॉर्मविना थेट, भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. ती आईच्या गळ्यात पडून रडली. थोड्या वेळानं माइक समोर आला तेव्हा, डोळे अजून ओले असताना, तिनं सांगितलं की तो डाव याहून सोपा जिंकायला हवा होता, मध्ये कुठेतरी आपण घोटाळा केला, आणि आता डावाच्या शेवटच्या टप्प्याचा नीट अभ्यास करायला हवा.